वाटा

विमानात हातातली बॅग, माणशी सात किलो.
खाली सामान द्यायचं नाही, पट्ट्यापाशी ताटकळायचं नाही,
असं हेमलतानं ठरवलं,
गुडघा बदलल्यानंतरच्या पहिल्याच मे महिन्यात.
"एका हातात मावेल तेवढंच," म्हणाली,
"दुसरा मला कठड्याला लागतो."

मी वजनमापे निरीक्षक. होतो.
एकतीस वर्षं लोकांचे तराजू तपासले.
पारड्याखाली चिकटवलेली चिंच,
बुडाशी घासून हलकी केलेली मापं,
डोळ्यांआधी बोटांना कळायची.
तेव्हा बॅगा मी भरणार, हे ओघानंच आलं.

हुकाचा काटा दाराच्या कडीला अडकवला.
माझी, सात किलो तीनशे.
पायजमा काढला. दाढीचा आरसा काढला.
जाड पुस्तक काढलं, जे तसंही
गेल्या तीन सुट्ट्यांत पान अकराच्या पुढं गेलं नव्हतं.
बरोबर सात.
मग काटाच हातात राहिला.
आत ठेवावा तर सातच्या वर,
घरी ठेवावा तर परतीला मोजणार कशानं?

तिची, चार किलो शंभर.
दोन साड्या, गाऊन, गोळ्या, क्रोशाची सुई,
घडी घातलेली एक रिकामी पिशवी.
"बाकीचं कुठंय?"
"बाकीचं लागत नाही."
हीच ती, जिनं गणपतीपुळ्याला
एस्टीच्या टपावर होल्डॉल, स्टोव्ह, रॉकेलची बाटली
आणि खलबत्ता चढवला होता.
खलबत्ता!
"दे तो काटा," म्हणाली, "माझ्यात जागा आहे."

पुण्याच्या विमानतळावर पोरगेल्या शिपायानं
तो दोन बोटांत धरून वर केला.
"हूक टोकदार आहे, काका."
आणि निळ्या टोपलीत टाकला,
नेलकटर, लायटर, कुणाची तरी कात्री यांच्या शेजारी.
मी जन्मभर काटे जप्त केले,
प्रत्येकाची पावती दिली.
यानं पावती दिली नाही.
हेमलता पुढं गेली होती, हसताना तिची पाठ हलत होती.

चिपीच्या सड्यावर दुपार नुसती भाजत होती.
वेंगुर्ल्यात रेडकरवहिनी रिक्षाच्या मागं डोकावल्या,
मग पुन्हा आमच्याकडं बघितलं.
"एवढाच सामान? मगे रवतलास किती?"
"सहा दिवस," मी म्हणालो, आरोपीसारखा.

खाऱ्या हवेत कपडे सुकता सुकत नाहीत
हे सात किलोंच्या हिशेबात धरलेलं नव्हतं.
दुसऱ्या दिवशी मी रेडकरांच्या लुंगीत,
चौकटी, हिरवी, कमरेशी अविश्वासू,
बंदरावर उभा.
समोर मासळी. काटा नाही, माप नाही.
वाटे लावलेले, मुडदुशांचे, बांगड्यांचे, सुंगटांचे,
ओल्या फळकुटावर, हातानं, नजरेनं.
"ह्यो वाटो दोनशे."
"म्हणजे किती?"
"म्हणजे ह्यो."

उचलून बघितला. बोटांना अजून कळतं.
पाऊण किलो, वर थोडं.
ती माझ्या तोंडाकडं बघत होती,
मग आणखी दोन बांगडे त्यावर टाकले,
शिक्का मारावा तसे.
आंबेही इथं डझनावर. फणस नगावर.
चार दिवस कुणी काही तोललं नाही
आणि कुणाचं काही कमी पडलेलं दिसलं नाही.
नियमाप्रमाणे हा गुन्हा आहे. कलम मला पाठ आहे.

संध्याकाळी ती पाण्यात गेली,
आधी घोट्यापर्यंत, मग नव्या गुडघ्यापर्यंत,
चपला एका हातात.
दुसऱ्या हाताचा भार माझ्या खांद्यावर.
किती, ते सांगता येणार नाही.

निघायच्या दिवशी रिकामी पिशवी बाहेर आली.
वहिनींनी खळ्यातून उचलून भरलेली आमसुलं,
अजून ओलसर, बोटं लाल करणारी,
ती हिनं माझ्या बॅगेत, पायजम्याच्या रिकाम्या जागी कोंबली.
मी बॅग हातात तोलली.
"साडेसात."
"सात," ती म्हणाली, चेन ओढत.
"आमसुलं आहेत. वाटेत सुकतील."